गिझर बदलताना या चुका टाळा

दिवाळीनंतर निफाडचा पारा वर्तमानपत्रात झळकू लागला की नाशिकमध्ये घरोघरी गिझरची आठवण होते, आणि आमच्या सोसायटीत गिझर बंद पडल्याच्या तक्रारीही त्याच आठवड्यात सुरू होतात. सातपूरच्या एका कारखान्यात 30 वर्षे विद्युत देखभालीचे काम केल्यामुळे शेजारी मला विचारायला येतात. मात्र बहुतेक जण नवा गिझर विकत घेऊन, बसवून, पैसे मोजून झाल्यावर येतात आणि विचारतात, "काका, गिझर सात हजारांचा होता, मग खर्च साडेबारा हजारांवर कसा गेला?" हा प्रश्न दुकानात जाण्याच्या आधी विचारला असता तर निम्म्या जणांचे पैसे वाचले असते, असे मला मनापासून वाटते.

जुना गिझर का गेला, हे न पाहताच नवा आणणे

पाणी तापत नाही म्हणजे गिझर संपला, असे नसते. कॉइल जळलेली असेल, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला कॉइल बंद करणारा भाग) गेला असेल किंवा कटआउट (पाणी अति तापल्यास वीज तोडणारा भाग) बिघडला असेल, तर तो सुटा भाग बदलता येतो आणि नव्या गिझरच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो. खालच्या झाकणाच्या गॅस्केटमधून, म्हणजे रबरी चकतीतून, पाणी झिरपत असेल, तर गॅस्केट बदलावे. आतली टाकीच गंजून फुटली असेल आणि गिझरच्या अंगातून तांबूस पाणी ठिबकत असेल, तेव्हा मात्र दुरुस्तीचा नाद सोडून नवाच घ्यावा. एवढा फरक पाहायला अर्धा तास लागतो, पण सकाळी अंघोळीला गरम पाणी नाही म्हटल्यावर तेवढा धीर कोणी धरत नाही.

माझी धाकटी बहीण आडगावच्या बाजूला रो-हाउसमध्ये राहते. महापालिकेचे गंगापूर धरणातून येणारे पाणी बोअरच्या मानाने सौम्य असते. तिच्याकडे मात्र सगळा वापर बोअरच्या पाण्याचा आहे आणि ते पाणी इतके जड आहे की नळाच्या तोंडाशी पांढरी पुटे चढतात. "दादा, गिझर पुन्हा गेला," असा तिचा फोन आला, तेव्हा 7 वर्षांतला तो तिसरा गिझर होता. दर वेळी तिने आधीच्यापेक्षा थोडा स्वस्त घेतला होता, कारण "नाहीतरी टिकत नाही" असे तिच्या मनाने घेतले होते.

त्या वेळी मी जुना गिझर भंगारात देऊ दिला नाही. तो ओट्यावर आडवा करून खालचे बोल्ट काढले आणि झाकण ओढले, तेव्हा आतून अर्धे घमेले भरेल एवढा क्षार बाहेर पडला. अंड्याच्या कवचासारखे पांढरे, कडक कपचे होते ते. कॉइलवर त्याचा असा जाड थर बसला होता की मूळ धातू कुठेच दिसत नव्हता. त्या थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, कॉइल स्वतःच तापत राहते आणि शेवटी जळते. त्याच्या शेजारी बोटाएवढा जाड मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असायला हवा होता. तिथे फक्त मधली लोखंडी तार उरली होती. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजावा म्हणूनच बसवलेला असतो. तो संपला की पाणी टाकीच्या लोखंडाला खाऊ लागते. 7 वर्षांत, तीन गिझरांत, एकदाही कोणी तो रॉड पाहिला नव्हता.

चौथा गिझर बसवताना मी तिला एक सवय लावली. दरवर्षी घटस्थापनेच्या आधी घराची साफसफाई निघते, त्याच दिवशी गिझरचा वीजपुरवठा मेन बोर्डावरून बंद करायचा, टाकी रिकामी करायची, क्षार काढायचा आणि रॉड निम्म्याहून बारीक झाला असेल तर नवा घालायचा. शेवटचा रॉड मी 450 रुपयांना आणला. थर्मोस्टॅटही 75 अंशांवरून 60 वर आणला, कारण पाणी जितके जास्त तापवाल तितका क्षार अधिक वेगाने बसतो. हमीपत्रात पाण्याच्या कठीणपणाची मर्यादा अनेकदा दिलेली असते, तीही बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी खरेदीपूर्वीच वाचावी.

फक्त गिझरची किंमत धरून चालणे

बहिणीच्या त्या चौथ्या गिझरचा हिशेब माझ्या वहीत आहे. गिझर 7,400 रुपये, ब्रेडेड पाइपांची जोडी 450, दोन अँगल कॉक 700, बसवण्याची मजुरी 500, नवी वायर, 16 अँपिअरचे सॉकेट आणि एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास वीज तोडणारा स्विच) मजुरीसह 2,650, फुटलेल्या टाइलची दुरुस्ती 900. एकूण 12,600 रुपये झाले. "फिटिंग मोफत" असे दुकानात सांगितले जाते, तेव्हा बहुधा फक्त मजुरी माफ असते. पाइप, कॉक आणि जोडण्या यांचे पैसे वेगळे पडतात. म्हणून मी प्लंबर आणि वायरमन दोघांनाही आधी भिंत दाखवतो, आकडा कागदावर लिहून घेतो आणि मगच गिझर पाहायला निघतो.

या यादीतून लोक सर्वांत आधी वायरचा खर्च कापतात आणि याच गोष्टीचा मला सर्वाधिक राग येतो. 2,000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 8.7 अँपिअर प्रवाह ओढतो. 6 अँपिअरच्या सॉकेटवर तो काही दिवस चालतोही. मग पिनच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसू लागतो, करपल्याचा वास येतो आणि एके दिवशी प्लग सॉकेटला चिकटून बसतो. तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर मी गिझरला चालू देत नाही. नवी ओढायचीच असेल तर 4 चौरसाची ओढतो. गिझर लावल्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर कॉइलमधून गळती आहे असे समजावे. आरसीसीबी काढून जोडणी थेट करून देणाऱ्या वायरमनला त्याच क्षणी थांबवावे, कारण ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या उपकरणावर अवलंबून असतो.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तो बुजवणे

आमच्याच इमारतीत एका प्लंबरने व्हॉल्व्हचे तोंड एम-सीलने बुजवून दिले होते, कारण टाइलवर डाग पडतो अशी घरच्यांची तक्रार होती. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की ते सुमारे पाव लिटरने फुगते. थंड पाण्याच्या बाजूला पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्या पाण्याला दुसरी वाट नसते. व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब म्हणजे तीच वाट. थर्मोस्टॅट अडकला आणि ही वाटही बंद असली, तर टाकी फुटू शकते. मी व्हॉल्व्हला बारीक नळी जोडून ती फरशीच्या जाळीपर्यंत नेतो. डाग पडत नाही आणि व्हॉल्व्हही मोकळा राहतो. पाणी तापत नसतानाही धार लागत असेल, तर व्हॉल्व्ह बिघडला आहे किंवा दाब जास्त आहे.

थोडक्यात उरलेल्या चुका

उंच इमारतीत गच्चीवर प्रेशर पंप असेल, तर 8 बार दाब सोसणाराच गिझर घ्यावा. तिघांच्या घरात बादलीने अंघोळ होत असेल, तर 15 लिटर पुरतात. पाहुण्यांसाठी 25 लिटर घेऊ नयेत. साठवणीच्या गिझरवरचे वीजबचतीचे तारे टाकीतली उष्णता किती टिकते एवढेच सांगतात, त्यामुळे अंघोळीपुरता गिझर लावून लगेच बंद करणाऱ्याने पाचव्या ताऱ्यासाठी फार जादा पैसे मोजू नयेत. पोकळ किंवा हलक्या विटांच्या भिंतीत जुन्याच भोकांत बोल्ट ठोकू नयेत. भरलेला 25 लिटरचा गिझर 30 किलोच्या पुढे जातो. खर्च वाचवायला बंद न्हाणीघरात गॅस गिझर तर मुळीच बसवू नये, कारण त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आतच बेशुद्ध पडतो.

बसवून झाल्यावर घाईने बटण दाबून पाहणारेही पुष्कळ आहेत. टाकी कोरडी असेल, तर नवी कोरी कॉइल काही क्षणांत जळते. आधी गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडावा, हवेचे फुरफुरणे थांबून सलग धार येईपर्यंत थांबावे, सगळ्या जोडण्यांवरून कोरडा हात फिरवून ओल नाही ना हे पाहावे आणि मगच बटण दाबावे.