बिनफ्रिजच्या घरात इन्सुलिन

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातलं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो अन् लाईन दुपारी गेली की दिवेलागणीलाच येते. मी ११ वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचते. सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, "फ्रिजात ठेवा." फ्रिज होता शेजारणीकडं. तिनं जपून, म्हणजे अगदी बर्फाच्या कप्प्याला खेटून ठेवलं. ते गोठलं. मी वितळू दिलं अन् आठ दिवस तेच टोचत बसले. शुगर ३८० वर गेली, तेव्हा कळलं की एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही.

तेव्हापासून मडकं. एक मोठं, एक लहान, दोन्ही साध्या मातीची, पक्की भाजलेली, पण रंग न दिलेली. रंगानं भोकं बुजतात, मग पाणी पाझरत नाही. मोठ्याच्या तळाशी चार बोटं रेती, त्यावर लहान मडकं, मधल्या फटीत पुन्हा रेती. रेती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. बाटली झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आत ठेवायची, तोंडावर ओलं फडकं. जागा सावलीची अन् वाऱ्याची, बंद खोलीत काही उपयोग नाही. आमची हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून हे मडकं चालतं. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा ते तितकं गार करत नाही.

यात फक्त चालू बाटली ठेवा. फोडल्यावर ती साधारण २८ दिवस चालते, म्हणून मी चिकटपट्टीवर फोडल्याची तारीख लिहिते. न फोडलेल्या बाटल्या अजूनही शेजारणीच्या फ्रिजातच, पण दाराच्या कप्प्यात. जे इन्सुलिन मुळातच दुधासारखं गढूळ असते, ते टोचण्याआधी दोन्ही तळहातांमध्ये हळू फिरवायचं, घुसळायचं नाही. फिरवूनही गाठी दिसल्या किंवा काचेला पांढरं चिकटून राहिलं तर फेका. पैशाकडं पाहू नका.

सिरिंज घेताना बाटलीवरचा आकडा वाचा, म्हणजे एका मिलिलिटरात किती युनिट औषध आहे तो. ४० ची बाटली तर ४० चीच सिरिंज, तिचं टोपण लाल असते. मला एकदा औषधाच्या दुकानातून १०० ची मिळाली. तिच्यात ४० चं औषध २० च्या रेघेपर्यंत ओढलं की आत फक्त ८ युनिट जातात. उलटं झालं, म्हणजे १०० चं औषध ४० च्या सिरिंजनं घेतलं, तर २० च्या जागी ५० जातील. ते जिवावर बेतते.

आता कापसाची वेचणी. कापसाच्या ओळीला आमच्याकडं तास म्हणतात. सकाळी इन्सुलिन टोचून उपाशीच वावरात गेलं अन् "ही तास संपली की खाऊ" म्हटलं की घात झालाच. गेल्या वर्षी मला ओटीची, म्हणजे वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधतो त्या फडक्याची, गाठ सुटेना. रोज सोडते ती गाठ, अन् बोटं नुसती तिच्यावरून फिरत होती. बाजूच्या तासातली पोरगी म्हणाली, "काकू, थंडीत घाम कावून येऊन रायला तुमाले?" तिनं विचारलं म्हणून वाचले. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की असंच होते: थरथर, थंड घाम, डोकं बधिर. तीन लहान चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची, पंधरा मिनिटं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. मग भाकर. पहिल्यांदा शेंगदाणे खाऊ नका, त्यांनी साखर चढायला उशीर लागतो. मी तीन-तीन चमच्यांच्या पुड्या बांधून एक ओटीच्या कडेला खोचते, एक त्या पोरीकडं देते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, गाडी काढून थेट दवाखाना. अन् वेचणीच्या दिवसांत सुई मांडीत नको, पोटात घ्या. चालून-चालून मांडीतलं औषध लवकर चढते.

ज्वारीनं शुगर वाढत नाही, हे आमच्याकडं सगळेच सांगतात. वाढते. तीन भाकरींची दीड केली अन् बाकीच्या जागी भाजी अन् वरण वाढवलं, तेव्हा कुठं फरक पडला. रोडग्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पंगतीत मात्र माझा हिशोब अजून चुकतो.

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटल्यावर खुंटं राहतात. माझ्या तळपायाला आता टोचलेलं समजत नाही, म्हणून अनवाणी वावरात जाणं बंद. रात्री पाय धुतले की नातवाला बसवते. तो मोबाईलचा उजेड धरून बोटांच्या सापटी पाहतो अन् दर पायामागं माझ्याकडून एक गोष्ट वसूल करतो.