बैल कोणत्या तालुक्यातला?

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा झाल्या. सीईटी देऊन अप्लाइड आर्टला गेलात किंवा न जाता घरीच हात तयार केलात. पेन टॅबलेट आला, एक-दोन कामंही मिळाली. इथवर पोचलेल्यांसाठी हे लिहितेय. चित्र कसं काढायचं ते तुम्हाला येतं, त्यात माझी लुडबुड नको.

नवीन मुलं-मुली भेटली की हटकून विचारतात, प्रेरणा कुठून घेता? मुलांच्या पुस्तकांचं आणि दिवाळी अंकांचं काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न जरा अडचणीचा असतो, कारण प्रेरणा येण्याआधी संपादकांचा फोन येतो. पण प्रश्न टाळायचा नाही. सुरुवात कामापासून करते.

मेलवर हस्तलिखित येतं. त्यात चित्रकाराच्या कामाचं फार थोडं असतं. 'आजी अंगणात बसली होती.' कोणतं अंगण? शेणानं सारवलेलं, शहाबादी फरशीचं की चिऱ्याचं? मागे भिंत असेल तर ती मातीची का जांभ्याची? वर कौलं की पत्रे की धाब्याचं घर? लेखकाला यातलं काही लिहायची गरज नसते, वाचणारा आपापलं अंगण घालून घेतो. आपल्याला मात्र एकच काढायचं असतं आणि ते छापलं जातं. आपलं खरं काम या रिकाम्या जागेत आहे. सापळाही तिथंच आहे, आणि त्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

माझ्याकडे पोळ्याची एक गोष्ट आली होती. नांदेड जिल्ह्यातलं गाव, एक मुलगा, त्याचा बैल. मी मिरजेकडची. बैल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे खिलारच येतो: पांढरा, उंच, सडपातळ, लांब शिंगं मागे वळलेली. तरी मी नुसत्या आठवणीवर विसंबले नाही, नेटवर शोधलं. पानंच्या पानं खिलार बैल आले. खात्री पटली. चित्रं छान झाली, संपादकांनाही आवडली, पुस्तक छापलं गेलं. मग कंधारकडच्या एका शिक्षकांचा निरोप आला. वर्गातली पोरं विचारत होती, सर, यांनी बैल बाहेरून विकत आणलाय का?

कंधार हा लाल कंधारीचा मुलूख. जातीच्या नावातच गाव आहे. तो बैल तांबडा असतो, अंगानं मध्यम, शिंगं खिलारासारखी लांबलचक नाहीत. शेजारच्या लातूर भागात देवणी, पांढऱ्यावर काळं. त्यातही वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगाचे प्रकार तिथला शेतकरी लांबून ओळखतो. अकोले-इगतपुरीच्या पावसात डांगी, वर्ध्याकडे गवळाऊ. 'महाराष्ट्रातला बैल' असा बैल कुठल्याच गोठ्यात बांधलेला नाही.

आता हा सापळा चालतो कसा ते नीट बघा, कारण 'शोधून काढ' म्हणणारे सगळे सर तुम्हाला त्यात ढकलतात. नेटवर काय सापडतं? ज्याचे फोटो निघतात ते. शर्यतीच्या बैलाचे फोटो निघतात, आणि शर्यतीचा बैल म्हणजे बहुतेक खिलार. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा शर्यतीचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून तर रोज नवे व्हिडिओ. नांगराला जुंपलेल्या तांबड्या बैलाचा फोटो कोण कशाला काढतोय? म्हणजे शोधलं की उत्तर मिळतं, पण ते तुमच्या प्रश्नाचं असेलच असं नाही. वर अडचण अशी की पहिली दहा चित्रं सारखी दिसली की मन 'हेच बरोबर' म्हणून मोकळं होतं. मग सगळी मेहनत बैलाचं वशिंड जमलंय का, खूर जमलेत का, यावर जाते. तो बैल तिथला आहे का, हे कुणीच विचारत नाही. संपादक पुण्यातले, मांडणी करणारे पुण्यातले, त्यांनाही तो बैल ओळखीचाच वाटतो.

बैलावर भागलं नाही. मागचं शेतही चुकलं होतं. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आषाढाच्या आसपास. पेरणी नुकती आटोपलेली, काळ्या रानावर हिरव्या बारीक ओळी. पोळा येतो पिठोरी अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात. तोवर मराठवाड्यात सोयाबीन शेंगेवर आलेलं असतं, कपाशी कमरेला लागते. दोन सणांत बैलाचा साज सारखाच वाटेल, झूल, बाशिंग, शिंगांना बेगड, घुंगरमाळ. पण रंगाची अख्खी पट्टी बदलते. शिवाय पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून म्हणतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' गोष्टीत त्याचा शब्दही नव्हता. पण पुस्तकाचं सगळ्यात चांगलं चित्र तिथं होतं आणि ते निघालंच नाही. चुकीच्या बैलापेक्षा हे मला जास्त लागतं.

हाच सापळा आदिवासी पात्रांच्या बाबतीत लागतो. पात्र आदिवासी आलं की पानाला वारली किनार लावून मोकळे. वारली चित्रं पालघर-डहाणूकडच्या वारल्यांची. लग्नाचा चौक, त्यात पालघट देवी, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोलीच्या माडिया पोराच्या गोष्टीला ती किनार लावणं म्हणजे त्याचं घर उचलून शेकडो किलोमीटर पलीकडे ठेवणं. आणि हो, एआयकडून संदर्भ काढणाऱ्यांनो, तुम्ही याच सापळ्यात आहात, फक्त जास्त वेगानं. ते यंत्र नेटवरच्या गर्दीचीच सरासरी काढून देतं. हारतुऱ्यांनी मढवलेला, कुठलाच नसलेला बैल. वेळ वाचतो म्हणतात. वाचलेल्या वेळात करता काय, तर पुन्हा रील बघता.

घाबरू नका. उपाय महागडा नाही. हस्तलिखित आलं की लेखकाला तीन प्रश्न विचारा: तालुका कुठला, महिना कुठला, घरात कमावतं कोण. तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण स्वयंपाकघरातली भांडी, दारातली चप्पल, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं त्यावर ठरतं. लेखक वैतागत नाहीत. उलट खूश होतात, कारण इतकं बारकाईनं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मग तिथल्या कुणाला तरी फोन करा आणि फोटो न मागता व्हिडिओ मागा. फोटो म्हटलं की माणसं आवरून उभी राहतात, बैलसुद्धा धुऊन काढतात. गोठ्यातून घरापर्यंत मोबाइल चालू ठेवून चालत या, एवढंच सांगायचं. त्यात खुंटीवरची पिशवी दिसते, अर्धा तुटलेला हौद दिसतो. प्रकाश कुठल्या बाजूनं येतो तेही कळतं.

जमलं तर जा. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, गुरं, माणसं, सगळं एका ठिकाणी. बाजारात उभ्यानं रेखाटनं करायची भीती सगळ्यांनाच वाटते, मला अजून वाटते. लोक मागे येऊन उभे राहतात. राहू देत. कुणीतरी सांगतोच, 'ताई, शिंग असं नसतंय', आणि त्या वाक्यासाठीच तर आपण गेलेलो असतो. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात वही घेऊन जा. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, दरवाजे. तिथं एका दिवसात एकच वस्तू काढा. सगळं बघून घेऊ म्हणाल तर काहीच हाती लागणार नाही.

प्रेरणेचा प्रश्न राहिलाच. माझ्यापुरतं सांगते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झालं, त्याचे जुने अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत. वेगवेगळे हात एकाच आकाराच्या पानात काय काय करतात ते तिथं ओळीनं दिसतं. दोन रंगांत छापायचं असतं तेव्हा माणूस किती विचार करतो, हे मला त्या पानांनी शिकवलं. चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) सगळ्यांनाच माहीत असतात, पण त्यांच्या चित्रांतल्या सुंदर स्त्रियांपाशी थांबू नका. १९४५ ला त्यांनी 'दीपावली' हा अंक काढला. स्वतःच चित्रकार आणि स्वतःच संपादक, त्यामुळे पान हे पूर्ण पान म्हणून त्यांना दिसायचं. व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशानं स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी करत चित्रं काढत होते. 'नोकरी सोडल्याशिवाय कलाकार होता येत नाही' म्हणणाऱ्यांना हे नाव सांगत जा. गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा विशी-पंचविशीत चित्रांच्या रोजनिश्या ठेवत. १९४९ ते १९५१ च्या त्या रोजनिश्या पुढं छापूनही आल्या. त्यांच्या चित्रातली गर्दी कुठून आली ते त्यात कळतं. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी बघाच. ठाकर समाजाचे लोक एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगत जातात. पान उलटल्यावर काय दिसलं पाहिजे, हा प्रश्न त्यांनी आपल्या कितीतरी आधी सोडवलाय.

यांची नक्कल करू नका, असं मी म्हणणार नाही. करा. वहीत करा. फक्त इन्स्टावर टाकून लाइक्स मोजत बसू नका. वही दाखवायला लागलात की तुम्ही त्यात जमणारंच काढता.

गुरूंबद्दल माझी मतं जरा कडू आहेत. जो गुरू तुमची पेन्सिल घेऊन तुमच्याच कागदावर दुरुस्ती करतो, त्याच्याकडे फार दिवस राहू नका. त्याला सगळे आपल्यासारखे हवे असतात. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते छापखान्यातल्या मशीनमननं. मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकी कागदावर, शाई मुरते, ठिपका पसरतो, म्हणून स्क्रीनवर खोल आणि सुंदर दिसणारी सावली कागदावर चिखल होते. गुळगुळीत आर्ट पेपरवर तेच चित्र उठून दिसतं. तेव्हा कागद कुठला ते आधी विचारा, रंग मग. फाइल ३०० डीपीआय, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), महत्त्वाचा चेहरा मधल्या घडीत नको, हे तुम्हाला कॉलेजात सांगितलेलं असेल. न सांगितलेलं एक: चित्रात अक्षरं काढू नका. दुकानाची पाटी, शाळेचा फळा, सगळं वेगळ्या लेयरवर. मुलांची पुस्तकं अनेक भाषांत निघतात, तेव्हा छपाईच्या चार रंगांपैकी फक्त अक्षरांची काळी प्लेट बदलली जाते. पाटी चित्रात मिसळली की कन्नड पुस्तकात मराठी किराणा दुकान येतं.

आता पैसे. इथं गोड बोलणार नाही. तोंडी ठरलेलं काम काम नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा ठरतो. करार केलात, तर कलम १९ तुमच्या बाजूला येतं: हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून रफ काढायच्या आधी एक साधी मेल पाठवा. किती चित्रं, कुठल्या आवृत्तीसाठी, किती वर्षं, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, मूळ चित्र कुणाकडे राहणार. त्यांच्याकडून उत्तर घ्या. मोठं काम असेल तर सही असलेला कागदच हवा, आणि तो एकदा वकिलाला दाखवा. 'आपल्यात कसला करार' असं म्हणणारे प्रकाशक प्रेमळ असतात, चहाही चांगला देतात. तरी मेल पाठवाच.

नमुन्यादाखल चित्रं पाठवताना आठ-दहाच पाठवा. त्यात एकच पात्र तीन वेगवेगळ्या प्रसंगांत असलेलं असू द्या. तुम्हाला एक सुंदर चित्र काढता येतं याचा संपादकाला उपयोग नसतो, चोविसाव्या पानावर तोच मुलगा तोच दिसेल का हे त्याला बघायचं असतं. दिवाळी अंकांना मे-जूनमध्ये लिहा. गणपती बसले की फोन कुणी उचलत नाही, आणि उचललाच तर 'उद्या सकाळपर्यंत सहा चित्रं द्याल का' हे विचारायला.