पंखा रखडतोय? रेग्युलेटर बदलण्याआधी या चुका टाळा

पंखा हळू फिरायला लागला की बहुतेक जण सरळ रेग्युलेटर बदलतात. नवा बसतो, पंखा मात्र तसाच रखडतो. आधी बटण 5 वर नेऊन बघा. टकटक करत पायऱ्यांनी फिरणाऱ्या, म्हणजे कपॅसिटरवाल्या (कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग) रेग्युलेटरमध्ये 5 वर वीज कपॅसिटरला वगळून थेट पंख्याकडे जाते. तिथेही वेग नसेल तर रेग्युलेटरला दोष देऊ नका.

मग संशय पंख्याच्या स्वतःच्या कंडेन्सरवर, म्हणजे मोटरच्या कपॅसिटरवर घ्यायचा. पुष्कळ पंख्यांत तो 2.5 मायक्रोफॅरडचा असतो आणि वापराने त्याची क्षमता उतरत जाते. नवा घेताना जुन्यावर छापलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्टचे आकडे जुळवून घ्या. मोठा टाकला की पंखा जोरात पळेल, या समजुतीपायी वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापून जळतं. कंडेन्सर बदलूनही फरक पडला नाही, तर वीज बंद करून पातं हाताने फिरवा. जड गेलं किंवा खरखरलं तर बेअरिंग गेलंय.

5 वर पंखा झकास, पण खालच्या नंबरांवर हलत नाही, असं असेल तर मात्र रेग्युलेटरमधलेच कपॅसिटर गेलेत. तेव्हा तो खुशाल बदला.

सलग फिरणाऱ्या बटणाचा रेग्युलेटर ट्रायॅकवर, म्हणजे विजेच्या लाटेचा काही भाग कापून वेग कमी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतो. बटण कुठेही असो, पंखा फुल स्पीडलाच पळतोय? बहुतेक वेळा ट्रायॅक शॉर्ट झालेला असतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी 400 व्होल्टचा ट्रायॅक टाकू नये. 230 व्होल्टच्या लाटेचं शिखर 325 च्या आसपास जातं, वर लाइनमध्ये झटके येतात ते वेगळेच. 600 व्होल्टचा घ्या.

दिव्याचा डिमर पंख्याला जोडणं ही तर हमखास होणारी चूक. दोन्हींत ट्रायॅकच असतो, मग काय बिघडलं, असं वाटतं. पण मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे राहतो. करंट शून्यावर येऊन ट्रायॅक बंद होतो, त्या क्षणी व्होल्टेज बरंच चढलेलं असतं. त्या धक्क्याने तो नको तेव्हा पुन्हा चालू होतो आणि पंखा गुरगुरतो, हिसके देतो. पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये हा धक्का शोषायला ट्रायॅकला समांतर स्नबर लावतात: साधारण 100 ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. साध्या डिमरमध्ये तो बऱ्याचदा नसतो.

चांगल्या ट्रायॅक रेग्युलेटरवरही मधल्या वेगाला थोडी घूंघूं राहतेच, कारण मोटरला कापलेली लाट मिळते. झोपमोड होत असेल तर कपॅसिटरवाला बसवा.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर ठेवू नका. त्याचा वेग आतलं सर्किट ठरवतं. रेग्युलेटर काढून फेज स्विचमधून थेट द्या. एका रेग्युलेटरवर दोन पंखेही नकोत.

आणि कृपा करून, फक्त बटण बंद करून बोर्ड उघडू नका. एमसीबी पाडा, टेस्टरने तपासा. वीज गेल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावण्याआधी रेझिस्टरने तो उतरवून घ्या.