या चुका टाळा: झाड ओळखताना नवख्यांचे होणारे गोंधळ

जमिनीखाली ते मूळ आणि जमिनीवर ते खोड, ही वनस्पतिशास्त्राला हात घालणाऱ्याची सगळ्यात चिवट चूक. बटाटा मातीत वाढतो, म्हणून त्याला मूळ ठरवून लोक मोकळे होतात. पण त्याचे डोळे नीट पाहा. प्रत्येक डोळा म्हणजे एक पेर (खोडावर पान आणि कळी फुटते ती जागा), आणि त्यात कळ्या असतात. पेर असेल तर ते खोड, मग ते कुठेही वाढो. आलं आणि हळदीवर तर पेरांची वलयं बोटालाही लागतात.

रताळं मात्र खरंच मूळ. इथे हटकून शंका निघते की कोंब तर रताळ्यालाही फुटतात. फुटतात, पण त्यांच्यासाठी आधीपासून ठरलेले डोळे नसतात. बटाट्यावर डोळ्यांची सर्पिल मांडणी दिसते, रताळ्यावर पेरच नाही. म्हणून कोंबावरून निकाल देऊ नका. कांदा उभा चिरा: तळाची चपटी चकती हे खोड, तिच्या खालची दाढी ही मुळं, आणि आपण खातो ते पानांचे मांसल तळ.

पानं मोजतानाही कळीच उपयोगी पडते. फोडणीत टाकायची कढीपत्त्याची एक काडी ही फांदी नव्हे, ते एक अख्खं संयुक्त पान आहे. तिच्यावरची बारीक पानं म्हणजे पर्णिका. खात्री करायची तर काडी झाडाला जिथे जोडलेली असते, तिथे बगलेत, म्हणजे काडी आणि फांदीच्या मधल्या कोनात पाहा. कळी सापडेल. पर्णिकेच्या बगलेत ती नसते. शेवग्याचं पान दोन-तीनदा विभागलेलं असल्याने तिथे अनुभवी माणूसही अडखळतो.

फुलांबद्दल थोडक्यात: बोगनवेलीचा गुलाबी कागद म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती रंगीत सहपत्रं, म्हणजे फुलालगतची पानं; खरं फूल मधे, लहान नळीसारखं. सूर्यफूल आणि झेंडू हे तर फुलांचे गुच्छच.

वर्गीकरणात चूक होते ती एकच लक्षण धरून बसल्याने. शाळेत शिकवतात की शिरा समांतर तर एकबीजपत्री (बीत एकच बीजपत्र असलेली वनस्पती), जाळीदार तर द्विबीजपत्री (दोन बीजपत्रं असलेली). नियम चांगला आहे, पण अळूचं पान उजेडात धरा: जाळी दिसते, आणि अळू एकबीजपत्री आहे! म्हणून शिरांबरोबर मुळं बघा (तंतुमय की सोटमूळ), आणि फुलाचे भाग तीनच्या पटीत आहेत की चार-पाचच्या, तेही मोजा. तिन्हींपैकी दोन जिकडे झुकतील तिकडे बहुतेक वेळा उत्तर असतं.

सायकसला पामचा भाऊ समजणं हेही नेहमीचंच. दिसतात सारखे, पण पामला फुलं-फळं येतात. सायकस अनावृत्तबीजी, त्याच्या बिया फळाच्या आत नसतात. नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके रोग समजून त्यावर औषध मारणारे बागप्रेमी तर कमी नाहीत. ओळीत, सारख्या अंतरावर ठिपके असतील तर त्या बीजाणूंच्या पुंजक्या आहेत, फवारणी वाचवा. आणि भूछत्राला वनस्पतीच्या रकान्यात टाकू नका. ते कवक, म्हणजे बुरशीच्या गटातलं. शास्त्रज्ञ व्हिटेकरने 1969 साली सजीवांची पाच सृष्टींत, म्हणजे पाच मोठ्या गटांत विभागणी मांडली, तिच्यात कवकांची सृष्टी स्वतंत्र आहे.

स्थानिक नावावर विसंबण्याचा फटका दसऱ्याला दिसतो. आपटा म्हणून बाजारात कांचनाचीही पानं येतात, कारण दोन्हींचं पान मधे दुभंगलेलं. दोन्ही बौहिनिया या एकाच प्रजातीतले (जीनस), पण जाती वेगळ्या; आपटा हा बौहिनिया रेसिमोसा. त्याचं पान लहान, जाडसर आणि बहुधा लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं. पानावरून ठरेना, तर झाडाकडे पाहा. दसऱ्याच्या सुमारास त्यावर मोठी गुलाबी-जांभळी फुलं असतील, तर ते कांचन. आपट्याची फुलं लहान आणि फिकट, तीही उन्हाळ्यात येतात.