वणव्यानंतर सावरणाऱ्या रानातून चालताना

सह्याद्रीतले वणवे बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळात लागतात आणि जमिनीलगतचे गवत व पाचोळा जाळत पुढे सरकतात. मोठी झाडे उभीच राहत असल्यामुळे रान सावरल्यासारखे दिसते. पण खरा धोका झाडांच्या बुंध्यांत आणि पायाखालच्या मातीत उरलेला असतो.

धूर थांबला म्हणून लगेच निघू नये, कारण ढोली आणि वाळके ओंडके पुढे कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहतात. वाट खुली आहे का, हे आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे. वारा असेल त्या दिवशी बेत सरळ रद्द करावा. बुंध्याशी पोखरलेले झाड पडण्यापूर्वी इशारा देईलच असे नाही, आणि अशा झाडाखाली डबा उघडून बसणे हा निव्वळ अविचार आहे.

सावली कमी झालेली असते, म्हणून पाणी नेहमीपेक्षा जास्त घ्यावे. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात जाड तळव्यांचे बूट आणि राखेसाठी नाकाला रुमाल असावा.

वाट चुकण्याची शक्यता अशा रानात वाढते. गवत जळाले की एरवी झाकलेल्या ढोरवाटाही मळलेल्या वाटेइतक्याच ठळक दिसू लागतात आणि झाडांना बांधलेल्या खुणेच्या फिती जळून गेलेल्या असतात. त्यामुळे गावातला वाटाड्या बरोबर असलेला बरा. गवताचा आधार सुटल्याने घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी सुटी माती आणि खडी, वाढतो. तिथे एकमेकांच्या थेट खाली चालू नये आणि आधारासाठी कारवीचे जळके खुंट धरू नयेत. ते भाल्यासारखे टोकदार असतात आणि मुळासकट हातात येतात. पहिल्या पावसानंतर राखेचा चिखल होतो, तेव्हा तीव्र उतार टाळावेत.

जाड सालीचे कुंभा आणि ऐन यांसारखे वृक्ष जमिनीवरची आग बऱ्याचदा सोसतात. जळक्या खोडांच्या बुडाशी कोवळे धुमारे दिसतात. ते तुडवले जाऊ नयेत म्हणून वाट सोडू नये. टिटवी आणि रातवा उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर आल्या पावली मागे फिरावे.

चूल किंवा शेकोटी पेटवूच नये. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. कुठे धूर दिसल्यास वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने दूर जाऊन वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि जवळच्या गावाचे, ओढ्याचे किंवा खिंडीचे नाव सांगावे.