खोलीभाड्याची अट आधी वाचा
आरोग्य विम्याची पॉलिसी घेताना बहुतेक जण हप्ता आणि विमा रक्कम एवढेच पाहतात. खिशाला चाट बसते ती मात्र अनेकदा खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे. समजा, 5 लाखांच्या पॉलिसीत रोजचे भाडे विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंत, म्हणजे 5,000 रुपयांपर्यंतच मान्य आहे आणि रुग्णाला 8,000 रुपयांच्या खोलीत ठेवले. चार दिवसांच्या भाड्यातला 12,000 रुपयांचा फरक आपल्याला भरावा लागणार, हे कोणालाही कळते. पण रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार शस्त्रक्रियेचे शुल्क आकारत असेल, तर तेही 8,000 ला 5,000 याच प्रमाणात कापले जाऊ शकते, आणि मग 80,000 रुपयांच्या शुल्कापैकी 50,000 रुपयेच मंजूर होतात. औषधे, तपासण्या, शरीरात बसवायचे इम्प्लांट आणि अतिदक्षता विभागाचे शुल्क यांना ही कपात लावता येत नाही, म्हणून डिस्चार्जच्या घाईतही (तेव्हा कोणाला कागद वाचायची उसंत असते म्हणा!) कपातीचा तपशील मागून घ्यावा. को-पेची, म्हणजे खर्चाचा काही हिस्सा स्वतः भरण्याची, अट असल्यास मान्य रकमेतूनही ठरावीक टक्के वजा होतात. आपल्या पॉलिसीत कोणती खोली बसते, हे दाखल होतानाच विमा काउंटरवर विचारावे.