ऑनर्सचं गणित मांडताना या चुका टाळा

नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची पदवी आल्यापासून बीए, बीकॉम, बीएस्सीची मुलं एकच प्रश्न विचारतात: "ऑनर्स विथ रिसर्चला जायचंय, आता किती पाहिजेत?" ऑनर्स विथ रिसर्च म्हणजे चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करून मिळणारी पदवी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के लागतात. अनेक ठिकाणी ते ७.५ सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी) असं मोजतात. प्रश्न सोपा आहे, पण त्याचं उत्तर काढताना मुलं दरवर्षी त्याच चुका करतात.

क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन, न बघता सरासरी काढणं. सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. मार्कशीटवरचे ग्रेड पॉइंट (गुणांवरून मिळणारे दहापैकी अंक) घ्यायचे, बेरीज करायची, विषयांच्या संख्येने भागायचं आणि झाला सीजीपीए! असं होत नाही. प्रत्येक ग्रेड पॉइंटला त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं, मग बेरीज करून एकूण क्रेडिटने भागायचं.

एक सेमिस्टर घ्या, २२ क्रेडिटचं. मेजर-मायनरचे (मुख्य आणि जोड विषयाचे) चार क्रेडिटचे तीन पेपर: ६, ७, ७. ओपन इलेक्टिव्ह, भाषा, स्किल कोर्स असे दोन क्रेडिटचे पाच: ८, ८, ८, ९, ९. साधी सरासरी येते ७.७५. खरा हिशेब: चार क्रेडिटच्या पेपरांचे ८० आणि दोन क्रेडिटच्यांचे ८४, मिळून १६४, भागिले २२, म्हणजे ७.४५. एक आकडा ७.५च्या वर, दुसरा खाली.

माझ्या ओळखीतली बीएस्सीची एक मुलगी पाच सेमिस्टर असाच हिशेब करत आली. वहीत नीट तक्ता होता, रंगीत पेनाने आखलेला, आणि शेवटी ७.७ लिहिलेलं. म्हणून सहाव्या सेमिस्टरला तिने इंटर्नशिपवर जोर द्यायचं ठरवलं. वही माझ्यासमोर आली तेव्हा सेमिस्टर अर्धं संपलं होतं. क्रेडिट धरून मांडलं, तर पाच सेमिस्टरचा सीजीपीए ७.३५ निघाला. सहा सेमिस्टरची १३२ क्रेडिट, ७.५ने गुणून ९९० पॉइंट हवेत. तिच्याकडे ११० क्रेडिटवर ८०८.५ होते. उरले १८१.५, भागिले २२, म्हणजे शेवटच्या सेमिस्टरला ८.२५ एसजीपीए (त्या एकाच सेमिस्टरची सरासरी). तिने इंटर्नशिप बाजूला ठेवली, रात्रंदिवस अभ्यास केला आणि ८ आणला. एकूण झाले ७.४६. रिसर्चची जागा गेली. पोरगी हुशार होती, कष्टाळू होती. चुकलं ते फक्त गणित, आणि तेही शाळेतलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

७.४६ म्हणजे ७.५च की! नाही. सीजीपीए दोन दशांश स्थळांपर्यंत छापतात आणि अट त्या छापील आकड्याला लागते.

उशिरा जागं होणं. चौथ्या सेमिस्टरनंतर ७.२ असेल, तर उरलेल्या दोन सेमिस्टरला ८.१ची सरासरी लागते. तोच ७.२ पाचव्यानंतर असेल, तर शेवटच्या सेमिस्टरला थेट ९. मी निकाल लागला की त्याच दिवशी "हवेत, आहेत, उरले" असे तीन आकडे कागदावर मांडायला लावते. ॲपमध्ये नाही, कागदावर. ॲपला तुमच्या कॉलेजचे क्रेडिट ठाऊक नसतात, आणि हाताने मांडलं की कोणता विषय ओढतोय ते डोळ्यांना दिसतं. दहा मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल, तर वर्षभराच्या संशोधन प्रकल्पाला धीर कुठून आणणार?

सगळ्या विषयांत थोडे थोडे वाढवायचे. गुण वाढले तरी ग्रेड पॉइंट पायरीपायरीने चढतो. तुमच्या विद्यापीठात ६०नंतर थेट ७०ला पुढची पायरी असेल, तर ६१ आणि ६९ यांचं मोल एकच. म्हणून पायरीच्या अगदी खाली असलेला चार क्रेडिटचा पेपर आधी शोधा. इंटर्नलला ४०पैकी ३१ असतील, तर ७० गाठायला लेखीला ६०पैकी ३९ हवेत. हा आकडा डोक्यात ठेवून अभ्यासाला बसा. दोन क्रेडिटच्या सोप्या कोर्सात ८चे ९ करण्यात महिना घालवणारी मुलं बघितली की जीव तुटतो.

टक्क्यांचं सूत्र उसनं घेणं. ९.५ने गुणायचं सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं, पदवीचं नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात ७५ टक्के म्हणजे ८.२५, काही विद्यापीठं सरळ दहाने गुणतात. आपल्या मार्कशीटच्या मागे किंवा ऑर्डिनन्समध्ये (विद्यापीठाच्या नियमांत) जे छापलंय तेच धरा. सीनियरने सांगितलेलं धरू नका.

"७.५ नाही, म्हणजे चौथं वर्षच नाही." चुकीचं आहे. ७५ टक्क्यांची अट ऑनर्स विथ रिसर्चला आहे. नुसत्या ऑनर्सला चौथं वर्ष करता येतं, प्रबंधाऐवजी कोर्स घेऊन. मात्र चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायचं असेल, तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पदवीला ७५ टक्के लागतात. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस विद्यार्थ्यांना ५ टक्के सवलत आहे.

बॅकलॉग (राहिलेला विषय) सुटला, विषय संपला. सीजीपीएपुरता कदाचित. पदक किंवा रँक हवी असेल, तर पहिल्याच प्रयत्नात पास होण्याची अट अनेक ठिकाणी असते. ती आधी वाचा.

आणि पायरी एक-दोन गुणांनी हुकली असेल, तर रडत बसण्याआधी परीक्षा विभागात जाऊन उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागा. रिव्हॅल्युएशनची (पुनर्मूल्यांकनाची) मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते.